घराजवळचं हॉटेल कसं पारखायचं? गल्ल्यामागून दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात नुकतंच राहायला आलेलं जोडपं, आठ वर्षांची मुलगी, आणि महिन्यातून एकदा मुक्कामाला येणाऱ्या शाकाहारी सासूबाई. सोसायटीच्या कोपऱ्यावर एक 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' आहे. खाली काळ्या काचांची परमिट रूम, वर एसी फॅमिली सेक्शन. रेटिंग 4.3. पहिल्यांदा गेले तेव्हा जेवण झकास होतं, दुसऱ्यांदा तेच पदार्थ मागवले तर भिकार. "मुलीला घेऊन अशा ठिकाणी जावं का? आणि चांगलं हॉटेल ओळखायचं तरी कसं?"

ताई, मी या लाइनीत 27 वर्षं आहे. सुरुवातीची सात एका परमिट रूमच्या गल्ल्यावर गेली, नंतर एका मंगळुरी मित्राबरोबर भागीदारीत स्वतःचं हॉटेल चालवलं, 60 खुर्च्यांचं. म्हणून उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तुम्ही 'चांगलं' हॉटेल विचारताय, पण लिहिण्यावरून मला वाटतं तुम्हाला 'ठरलेलं' हॉटेल हवंय. वाढदिवसाला माणूस गाडी काढून लांबही जातो. बुधवारी ऑफिसातून यायला आठ वाजले, कणीक मळायचा कंटाळा आलाय, पोरगी भुकेली आहे, अशा वेळी चपला घालून चालत जायचं आणि ताटात काय येणार ते आधीच माहीत असायचं, ही गरज वेगळी. तिथे जेवण नऊ गुणांचं नसलं तरी चालतं, साताचं हवं, पण दर वेळी साताचंच हवं. पहिल्यांदा नऊ आणि दुसऱ्यांदा तीन, ही तुमची खरी अडचण आहे.

हे असं का होतं, त्याचं माझ्या अनुभवातलं पहिलं कारण: वस्ताद बदलला. मध्यम हॉटेलच्या किचनमध्ये तीन खाती असतात, करी, तंदूर आणि चायनीज. प्रत्येकाचा एक मुख्य स्वयंपाकी, म्हणजे वस्ताद, आणि त्याच्या हाताखाली एक-दोन पोरं. वस्ताद कधी एकटा जात नाही. दोन हजार रुपये जास्त मिळाले की तो समोरच्या हॉटेलात जातो आणि आपली पोरं घेऊन जातो. संध्याकाळी सहाला मालकाला कळतं की आज तंदूरवर कोणीच नाही. मग हेल्पर रोटी लावतो, गल्ल्यावरचा माणूस देवाचं नाव घेतो. वस्ताद जातो, रेटिंग राहतं. 4.3 हा आकडा कदाचित दोन वस्तादांपूर्वीचा असेल. म्हणून आकडा बघू नका, गेल्या दोन महिन्यांतलं लोकांनी काय लिहिलंय तेवढं वाचा आणि फोटोतल्या ग्रेव्हीचा रंग जुन्या फोटोंशी ताडून बघा. रंग बदलला असेल तर हात बदललाय. मे महिन्यात, दिवाळीत आणि छठच्या सुमारास पोरं गावी गेलेली असतात, तेव्हाच्या चवीवरून कायमचं मत करू नका.

दुसरं कारण वार. हे मुंबई-ठाण्याबाहेर किती लागू पडेल ते तिथल्या गिऱ्हाइकावर आहे, पण आमच्याकडे पक्कं. आपल्या लोकांचे नॉनव्हेजचे वार ठरलेले: बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार यांतला एखादा तरी वार बहुतेक घरांत पाळला जातो. त्यामुळे मासळी आणि मटण बुधवारी, शुक्रवारी, रविवारी सकाळी भरपूर येतं आणि रात्रीपर्यंत संपतं. सोमवारी जी सुरमई तुमच्या ताटात येते ती बहुतेक रविवारची उरलेली. खराब असेलच असं नाही, पण ती डीप फ्रीजमधून आली असणार. तुम्ही पहिल्यांदा गेलात तो वार आणि दुसरा वार आठवून बघा. पहिला रविवार आणि दुसरा सोमवार असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

तिसरं कारण वेळ. तंदूर पेटवल्यावर नीट तापायला तासभर तरी जातो. दुपारी बाराला किंवा संध्याकाळी सातच्या आत गेलात तर रोटी पांढरट आणि चिवट येणार, कारण भट्टीची भिंत अजून तापलेली नसते. रात्री साडेअकराला गेलात तर उलटा प्रकार: ग्रेव्हीच्या टोपाचा तळ, थकलेला स्वयंपाकी आणि मोरीत धुणीभांडी सुरू. दुपारी एक ते दोन आणि रात्री आठ ते साडेनऊ हे किचनचे खरे तास.

आता ज्या एका गोष्टीवर माझा सगळा भरवसा आहे ती सांगतो: खप. ज्या हॉटेलात जे खपतं, तिथे ते खायचं. मेनूकार्ड चौदा पानांचं असतं, त्यात अडीचशे-तीनशे पदार्थ असतात. त्यातले रोज खरोखर जातात पंचवीस-तीस. बाकीचे छापलेले असतात, कारण शेजारच्या हॉटेलाच्या कार्डात आहेत. त्या पंचवीस पदार्थांचा माल रोज येतो, रोज संपतो, त्यावर स्वयंपाक्याचा हात बसलेला असतो. बाराव्या पानावरचा 'मेक्सिकन' काहीतरी कोणी पंधरा दिवसांतून एकदा मागतं. त्याचा सॉस बाटलीत किती दिवस पडून आहे ते मलाही सांगता आलं नसतं, आणि मी मालक होतो.

ते पंचवीस पदार्थ ओळखायचे कसे? रात्री साडेआठला पार्सल काउंटरजवळ दहा मिनिटं उभ्या राहा. काहीतरी किरकोळ पार्सल सांगा, दोन रोट्या म्हणा, आणि केओटीवरून, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवरून, ओरडून काय सांगितलं जातंय ते ऐका. "दोन चिकन मालवणी, एक दाल तडका, चार बटर रोटी, एक ट्रिपल शेजवान" असं जे परत परत कानावर येईल, ते त्या हॉटेलचं जेवण. बाकीची नुसती छपाई.

पंजाबी भाज्यांबद्दल एक आतली गोष्ट. लाल, पांढरी आणि पिवळी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळीच टोपं भरून तयार होतात. पनीर बटर मसाला, पनीर टिक्का मसाला, कढाई पनीर, व्हेज कोल्हापुरी यांतल्या बऱ्याचशांचा पाया एकच, वरून क्रीम किंवा ढोबळी मिरची किंवा लाल सुकी मिरची पडते. यात फसवणूक नाही, 60 खुर्च्यांचं हॉटेल असंच चालतं. पण चौघांनी चार वेगळ्या पंजाबी भाज्या मागवल्या तर पैसे चौपट आणि चव एकच. एक ग्रेव्हीची, एक सुकी आणि एक डाळ मागवा. डाळ सकाळी उकडलेली असली तरी फोडणी ऑर्डरनंतर पडते, त्यामुळे फोडणीत लसूण करपलाय की गुलाबी आहे यावरून त्या क्षणी गॅससमोर कसला माणूस उभा आहे ते कळतं. नव्या ठिकाणी गेलो की मी आधी दाल तडका मागवतो. बायको वैतागते.

डाळीच्याही आधी एक परीक्षा फुकटात होते. बसल्यावर कांदा-लिंबाची बशी आणि हिरवी चटणी येते. ती खाण्याआधी बघा. कांद्याच्या चकत्यांच्या कडा सुकून आत वळल्या असतील आणि लिंबाच्या फोडीवर साय धरल्यासारखी कोरड आली असेल, तर ती बशी दुपारीच भरून ठेवलेली आहे. चटणीच्या वाटीच्या कडेने पाणी सुटून मधे हिरवा गोळा राहिला असेल, तर ती कालची. ताजी चटणी एकजीव असते, चमचा काढला की खड्डा हळूहळू भरतो. या बशीचे पैसे बिलात लागत नाहीत, म्हणून मालकाचं लक्ष जिथे सर्वांत आधी सुटतं ती जागा हीच. मी दुसऱ्याच्या हॉटेलात गेलो की बशीवरून गल्ल्यावरच्या माणसाची तब्येत सांगतो.

तळणाचंही तसंच. तेल परत परत तापवलं की त्यात टोटल पोलर कंपाऊंड नावाचे खराब घटक वाढतात; ते 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा, नियम आहे. टेबलावर बसून तुम्हाला ते मोजता येणार नाही, पण बोंबील फ्राय सोनेरी न येता चॉकलेटी आला, रवा तेल पिऊन जड झाला आणि खाल्ल्यावर घशात खवखवलं, तर कढईतलं तेल म्हातारं झालंय. त्या दिवशी तळलेलं मागवू नका.

मासळीबद्दल माझाच एक गुन्हा सांगतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, हे तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर दर रविवारी दुपारी सुरमई थाळीला येत. एका जूनमध्ये मी फ्रीजचा माल घेतला होता आणि कार्डावरची थाळी काही काढली नव्हती. त्यांनी तुकडा मोडला. गोठवलेला मासा वितळताना पाणी सोडतो, मग मसाला नीट धरत नाही, सालपटासारखा सुटून येतो. तसाच सुटला. मास्तर काही बोलले नाहीत. भात-सोलकढी संपवली, नेहमीसारखी वीस रुपये टीप ठेवली आणि गेले. पुढचा रविवार नाही, त्याच्या पुढचा नाही. नारळी पौर्णिमा झाल्यावर एकदा आले आणि वेटरला म्हणाले, "आज आहे का, की अजून फ्रीजच?" त्या वर्षापासून जून-जुलैत आम्ही सुरमई थाळी बंद ठेवायला लागलो.

यातून तुमच्या कामाचं एवढंच: "मासा ताजा आहे का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर तीनशे पासष्ट दिवस 'हो' असतं. "आज काय आलंय?" असं विचारा. वेटर आत जाऊन विचारून आला तर चांगली खूण. न हलता "सगळं आहे मॅडम" म्हणाला तर चिकन मागवा.

आता काळ्या काचा. परमिट रूम हे नावच मुळी दारूबंदीच्या कायद्यातून आलं. 1949 च्या त्या कायद्याखाली महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो, आजही. एक दिवसाचा पाच रुपयांना, आयुष्यभराचा हजार रुपयांना. परवानाधारकांनी बसून प्यायची खोली ती परमिट रूम. बाहेरून आतलं दिसू नये म्हणून काचा काळ्या, बाकी गूढ काही नाही. हार्ड ड्रिंकसाठी वय 25 पूर्ण लागतं, माइल्ड बियरसाठी 21. तुमच्या मुलीचा प्रश्न खालच्या खोलीत येतच नाही, तुम्ही वर जाणार.

वरचा सेक्शन कसा आहे हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं. तीन गोष्टी बघा. जिना वेगळा आहे की परमिट रूममधून जावं लागतं? वर रात्री आठला दुसरी पोरंबाळं दिसतात का? आणि बाईमाणसासाठी टॉयलेट वर आहे की खाली? या तिसऱ्यावर मी सर्वांत जास्त भर देईन. ज्या मालकाने वर स्वच्छ, कडी लागणारं टॉयलेट ठेवलंय, त्याला कुटुंबं खरोखर हवी आहेत. ज्याने नाही ठेवलं, त्याच्यासाठी 'फॅमिली' हा शब्द पाटीपुरता. मुलीला घेऊन साडेसातला जा आणि साडेनऊच्या आत निघा. नंतर खालचा आवाज वर यायला लागतो, शनिवारी जरा जास्तच. गटारीच्या आठवड्यात तर फिरकूच नका, त्या दिवसांत आम्ही स्वतः घरच्यांना हॉटेलात येऊ देत नव्हतो.

तुम्ही दोघं कधी बसणार असाल तर: पेग 30 किंवा 60 मिलीचा, मापावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, आणि "इथे मोजून द्या" म्हणण्यात अपमान कोणाचाच नाही. बियरची बाटली टेबलावर उघडून घ्या. बारमधला भाव वाइन शॉपपेक्षा जास्तच असणार, त्यावरून वाद घालू नका, भावफलक आधी वाचा.

सासूबाईंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार. 'व्हेज वेगळं बनतं ना?' या प्रश्नाला वेटर हो म्हणतो. डाव आणि टोप बहुतेक ठिकाणी वेगळे असतात, खरं आहे. पण तंदूर एक. ज्या भट्टीत चिकन टांगलंय त्याच भट्टीच्या भिंतीला रोटी चिकटते. तळणीची कढई गर्दीच्या वेळी वेगळी राहील याची शपथ मी माझ्या किचनचीही घेतली नसती. त्या अंडं चालवून घेणाऱ्या असतील, शेजारी कोणी मासे खाल्ले तर हरकत नसेल, तर घेऊन जा. कडक पाळणाऱ्या असतील तर त्या आल्या की सरळ उडपी हॉटेल गाठा. त्यांचंही मन राखलं जाईल आणि तुम्हालाही सारखं खोटं बोलावं लागणार नाही.

बिलाचं थोडक्यात. जेवणावर जीएसटी 5 टक्के, म्हणजे अडीच-अडीच असे दोन भाग. 2017 च्या जुलैत एसी आणि नॉन-एसीचे दर वेगळे होते, 15 नोव्हेंबर 2017 पासून दोन्हीकडे 5. एसी सेक्शनचे पदार्थांचे भाव जास्त असू शकतात, कर तोच. दारूवर जीएसटी लागत नाही, व्हॅट लागतो. परमिट रूमसाठी तो 1 नोव्हेंबर 2023 पासून 5 वरून 10 टक्क्यांवर गेला. म्हणून जेवणाचा हिशोब आणि दारूचा हिशोब वेगळा हवा. दारू न मिळणारी छोटी खानावळ कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल तर तिला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही, बिलावर तसं छापलेलं असतं. आणि सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलं होतं, दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ते उचलून धरलं. लावला असेल तर शांतपणे "हा काढा" म्हणा. बहुतेक कॅप्टन, म्हणजे वेटरांवरचे प्रमुख, मुकाट काढतात. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

टीप मात्र द्या, आणि रोख द्या. पगार बेताचा, राहणं-जेवण हॉटेलात, घर ओडिशा नाहीतर झारखंडात, अशी ही पोरं असतात. डब्यात जमा झालेली टीप रात्री वाटली जाते, त्यात मोरीवरच्या पोराचाही वाटा असतो. कार्डावरून दिलेली टीप आधी मालकाच्या खात्यात येते आणि पुढे काय होतं ते मालकावर. मी देत होतो. सगळे देतात असं म्हणणार नाही.

राहिला प्रश्न तक्रारीचा. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्यांदा भाजी खारट होती, तुम्ही तशीच खाल्लीत आणि घरी येऊन एक स्टार दिलात. गल्ल्यावर बसणाऱ्याला त्या स्टारवरून काही कळत नाही. कुठला वार, कुठली भाजी, कोणाच्या हातची? त्यापेक्षा दोन घास झाल्यावर कॅप्टनला बोलवा. वेटरला सांगू नका, तो बिचारा आत जाऊन शिव्या खातो. "जरा चाखून बघता का" एवढंच म्हणा. जिथे भाजी निमूट बदलून येते, ते हॉटेल धरून ठेवा. जिथे "आमच्याकडे असंच असतं" हे ऐकू येतं, तिथे पुन्हा जायचं कारण नाही. अर्धी भाजी संपल्यावर मात्र बोलायचं नाही, ते आम्हालाही कळतं.

एक भेट कुठल्याही हॉटेलला कमी पडते. तीनदा जा, तीन वेगळ्या वारी, आणि तिन्ही वेळा निदान एक पदार्थ तोच मागवा. तिसऱ्या वेळी वेटरने "नेहमीचंच?" असं विचारलं तर तुमचं टेबल ठरलं समजा.

तुमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात आता असं करा. येत्या बुधवारी साडेसातला तिघंच जा, सासूबाईंना पहिल्या खेपेला नको. जिना आणि टॉयलेट बघून घ्या, मग बसा. रोटी जरा उशिरा सांगा, तोवर भट्टी तापते. कांद्याची बशी बघा. "आज काय आलंय?" विचारा. एक दाल तडका, एक जे आलं असेल ते, आणि मुलीला काय हवं ते. चटणीला पाणी सुटलेलं असेल तर मुलीला आइस्क्रीम खाऊ घाला, बिल द्या आणि पार्सल काउंटरवरच्या माणसाला विचारा की वस्ताद नवीन आहे का. नवीन आहे म्हणाला तर महिनाभराने पुन्हा जा. जुनाच आहे म्हणाला, तर गल्ली बदला.